सहाची गिनती

१

सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या घरात रोज संध्याकाळी सहाला गिनती व्हायची. नव्या पाहुण्याला हसू यायचं, पण घरच्यांच्या ते अंगवळणी पडलं होतं. सुभेदार नाथाजींना फौज सोडून बावीस वर्षं झाली होती, तरी फौजेनं त्यांना सोडलं नव्हतं. सहाच्या ठोक्याला ते आपल्या वेताच्या खुर्चीपुढं ताठ उभे राहायचे आणि विचारायचे, "गिनती?" घरातल्या कुणीतरी आकडा सांगायचा. आकडा जमला की "ठीक" म्हणून ते खाली बसायचे. जमला नाही, तर बाहेर असलेलं माणूस परत येईपर्यंत चहाला आधण ठेवायची सोय नव्हती. आणि एकदा सांगितलेला आकडा बदलायचा नाही, हा नियम होता. सांगणाऱ्यानं जबाबदारीनं सांगायचा, मग तोच खरा.

दोन वर्षांपासून नाथाजींचं, म्हणजे आबांचं, डोकं साथ देईना. मुलाला, जयराजला, ते कधी अमृत म्हणायचे. अमृत हा त्यांचा धाकटा भाऊ, तो जाऊन तीस वर्षं झाली होती. कधी नुसतंच "साहेब" म्हणून उठून उभे राहायचे, आणि जयराजला ते अमृत म्हणण्यापेक्षाही जास्त लागायचं. डॉक्टर म्हणाले होते, त्यांचं बोलणं खोडून काढू नका, म्हणतील त्याला हो म्हणा. सगळं गेलं, पण गिनती तेवढी राहिली.

जयराज पुण्याच्या एका कंपनीचे सर्व्हर घरी बसून सांभाळायचा. दिवसभर दुसऱ्यांची यंत्रं राखूनही त्याची हौस भागत नव्हती, म्हणून जिन्याखालच्या अडगळीत त्यानं स्वतःचं एक ठेवलं होतं. एक काळं खोकं, आत पाच डिस्क, वर लिनक्स. घरातले फोटो, फोनमधले नंबर, फाटकावरचा आणि दिवाणखान्यातला कॅमेरा, सगळं त्या खोक्याच्या जिवावर चाले. आबांसाठी त्यानं त्याला गिनतीही शिकवली होती. कॅमेऱ्याला घरातले चेहरे दाखवून ठेवले होते, आणि सहाला भिंतीवरचा स्पीकर बाईच्या सपाट आवाजात सांगायचा, "घरात चार माणसं. गिनती पूर्ण." चार म्हणजे आबा, जयराज, त्याची बायको पूजा आणि सहा वर्षांची लेक संयोगिता, म्हणजे संयू.

त्या मंगळवारी दुपारी लाइट गेली आणि तासाभरानं आली. खोकं आपलं आपण परत चालू झालं. सहा वाजता सगळे दिवाणखान्यात होते. पूजा शेंगा सोलत होती, संयू जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती.

स्पीकर म्हणाला, "घरात तीन माणसं. गिनती पूर्ण."

पूजानं मान वर केली. "अहो, कुणाला वगळलं तुमच्या खोक्यानं?"

"ठीक," आबा म्हणाले आणि बसले. मग त्यांनी वर पाहिलं. "जया, त्यो पंखा वाजतोय. बेरिंग गेलंय त्याचं. उद्या काढून घे."

जयराजनं हातातला फोन खाली ठेवला. आठ महिन्यांत आबांनी त्याला जया म्हटलं नव्हतं.

२

जिन्याखाली पडदा जोडून बघितला तेव्हा जयराजला हसूच आलं. तो आपल्या यंत्रांना गावांची नावं द्यायचा. पडद्यावर 'सांगली' असायला हवं होतं. तिथं 'म्हसवड' होतं.

म्हसवड हे नऊ वर्षांपूर्वीचं यंत्र. तेव्हा आबा आणि आई, मनुबाई, गावाकडच्या घरात राहायचे, जयराजचं लग्न व्हायचं होतं. सांगलीत बसून आईबापावर लक्ष राहावं म्हणून त्यानं ते पहिलं खोकं तिकडं बसवलं होतं. पुढच्या वर्षी आई गेली. आबांना इकडं आणलं, खोकं नव्यानं बांधलं, चार डिस्क नव्या घातल्या. जुनी डिस्क मात्र पुसली नाही. तिच्यावर आईचे व्हिडिओ होते, आणि अख्खी सिस्टिम जशीच्या तशी होती. असू दे, जागा खात नाही, असं म्हणून त्यानं ती पाचव्या जागेवर बसवून टाकली. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्यानं त्याला झापलं असतं.

झालं ते उघड होतं. यंत्र चालू झालं की पहिल्यांदा कोणत्या डिस्ककडं जायचं याचा क्रम ठरलेला असतो. तो क्रम बोर्डावरच्या चपट्या सेलवर जगतो. सेल उतरला, लाइट गेली, क्रम विसरला. मग खोक्यानं हाताला लागेल ती डिस्क पहिली धरली, आणि त्या डिस्कवर जे सापडेल तेच त्याचं जग.

त्याच्या फोनमध्येही गंमत झाली होती, तीही त्यामुळंच. पूजाचं नाव गेलं होतं, नुसता दहा आकडी नंबर उरला होता. नावं खोक्यातून येत आणि म्हसवडला पूजा कुठून ठाऊक असणार. पण मग गिनती दोन यायला हवी होती. आबा आणि जयराज. तिसरं कोण?

"तू," तो पूजाला म्हणाला. "त्याला तुझं नाव माहीत नाही. चेहरा जवळचा वाटला असेल, आईच्या नावावर बसवला."

"म्हणजे मला सासूबाई केलं?" पूजा म्हणाली. "बरं आहे. आता संयूला धाक राहील."

आबा चहा पीत होते. त्यांनी कप स्वतः उचलला होता, स्वतः बशीत ओतला होता. जयराजला म्हणाले, "तुज्या कामाचं कसं चाललंय? सायब तरास देत न्हाई न्हवं?" बापलेक तासभर बोलले. जयराजला मधेच रडू आलं, ते त्यानं खोकल्याखाली दडपलं.

मग त्यानं जाऊन क्रम नीट लावला. पडद्यावर 'सांगली' आलं. तो बाहेर आला तेव्हा आबा खुर्चीपाशी उभे होते आणि हात कपाळाशी नेऊन त्याला सलाम करत होते.

"रामराम साहेब," ते म्हणाले.

३

शुक्रवारी सकाळी परत लाइट गेली. परत 'म्हसवड' आलं, आणि आबांनी स्वतः दाढी केली.

जयराज विचारानं चालणारा माणूस होता. दोन वेळा घडलं म्हणजे नियम होत नाही, हे त्याला माहीत होतं. आजारी माणसाचे बरे दिवस आणि वाईट दिवस असतात, डॉक्टरही म्हणाले होते. तरी त्यानं त्या दिवशी क्रम नीट केला नाही. कॅमेऱ्याचं काही अडत नाही, संध्याकाळी बघू, असं तो स्वतःला म्हणाला. खरं म्हणजे त्याला बाप हवा होता.

दुपारी संयू शाळेतून आली आणि आबांच्या वेताच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली. आबा आतून आले. खुर्चीकडं बघत आले, अगदी सरळ, आणि वळून तिच्या अंगावर बसले.

संयू किंचाळली. तिचा चेहरा त्यांच्या पाठीखाली गेला. पूजा स्वयंपाकघरातून धावत आली, जयराजनं बापाला खांद्याला धरून उठवलं, पूजानं पोरीला ओढून बाहेर काढलं. पोर रडरड रडत होती, जयराज वाकून तिच्या केसांवरून हात फिरवत होता, आणि आबा खुर्चीच्या बैठकीवरून हात फिरवत होते.

"ही खुरची बदलली का रं? टोचतीया," ते म्हणाले. ते रडणं त्यांच्या कानापर्यंत पोचतच नव्हतं. त्यांचे डोळे स्वच्छ होते, चेहरा शांत होता. कित्येक वर्षांत ते इतके बरे दिसले नव्हते.

"आबा, संयू हाय ती," जयराज म्हणाला.

"कोण?"

पूजानं पोरीला उचलून आत नेलं. जयराज जिन्याखाली गेला आणि कॅमेऱ्यानं टिपलेलं मागं नेऊन बघितलं. का बघितलं हे त्याला सांगता आलं नसतं.

पडद्यावर रिकामी खुर्ची होती. आबा आले, बसले. मग जयराज आला आणि त्यांना उठवलं. त्यानंतर तो वाकून हवेशी बोलत होता, हवेत कुणाच्या तरी केसांवरून हात फिरवत होता. पूजा नव्हती. संयू नव्हती. जुनी सिस्टिम ओळखीचे तेवढेच चेहरे साठवत असेल, त्यानं मनाशी म्हटलं, आणि हे बोलणं किती पोकळ आहे ते त्याला कळत होतं. कॅमेरा माणसं निवडून काढत नसतो.

चित्राच्या अगदी कडेला स्वयंपाकघराच्या दाराची चौकट दिसत होती. तिथं कुणीतरी पदराला हात पुसत होतं. हात आणि पदराचा काठ, एवढंच. पूजानं त्या दिवशी पंजाबी ड्रेस घातला होता.

त्यानं पडदा बंद केला आणि पायरीवर बसून राहिला.

४

भरतेशचं कॉलेज कॉर्नरला काँप्युटरचं दुकान होतं. जयराजचा तो शाळेपासूनचा दोस्त. घरी दिवस बुडायच्या आत जेवायची पद्धत, म्हणून तो कुठंही गेला तरी पाचला उठायचा. शनिवारी तीनला तो स्क्रू ड्रायव्हर खिशात घालून आला.

"अरं, सेल गेलाय नुसता," तो म्हणाला. "एवढ्यासाठी तोंड उतरवून बसलाइस?"

त्यानं नवा सेल घातला. क्रम लावला. केबली काढून साफ केल्या आणि ज्या लहान डिस्कवर 'सांगली' होतं तिची केबल पहिल्या जागेत खोचली. शेवटी जुनी डिस्क उपटून जयराजच्या टेबलावर ठेवली. "आता हीच न्हाई म्हटल्यावर जातंय कुठं?"

खोकं चालू झालं, 'सांगली' आलं. भरतेश हात झटकत म्हणाला, "झालं, गड्या. यंत्र कधी खोटं बोलत न्हाई. आपण वाचायला चुकतो."

बाहेर आबा भिंतीकडं तोंड करून उभे होते. त्यांचं धोतर ओलं झालं होतं. जयराजनं त्यांना धुतलं, पुसलं, कोरडं नेसवलं, आणि त्यांची ही दशा आपणच केली असं त्याला वाटत राहिलं.

सोमवारी दुपारी लाइट गेली. आली तेव्हा जयराज मुद्दाम जिन्याखाली उभा होता. जुनी डिस्क आत टेबलावर पडलेली होती. त्याच्यासमोर पडद्यावर अक्षरं सरकत गेली, थांबली, आणि नाव आलं. म्हसवड.

दिवाणखान्यातून आबांनी हाक मारली. "जया, भाईर कोण आलंय का बघ रं."

भरतेश दुकान टाकून आला. त्यानं चारही डिस्क एकेक करून काढल्या, एकेक करून लावल्या. कुणावर जुन्याचा मागमूस नव्हता. मग तो टेबलापाशी गेला आणि जुनी डिस्क उचलली, आणि लगेच खाली ठेवली.

"आत्ताच काढलीस व्हय?"

"शनिवारी तूच काढलीस."

"मग गरम कशी?"

जयराजनं हात लावला. डिस्क कोमट नव्हती, चांगली तापलेली होती. दिवसभर चालल्यावर असते तशी. कान लावला तर आत काहीतरी बारीक फिरत होतं. केबल नाही, लाइट नाही.

भरतेशनं हात पँटला पुसला. मग हळू आवाजात म्हणाला, "पूस तिला. वरवरचं न्हाई. पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्य लिहून काढ."

"आईचं आहे तिच्यावर."

"ते दुसरीकडं काढून घे अन् पूस. आजच पूस." तो चपला घालू लागला. साडेतीनच वाजले होते. पूजानं चहा टाकला होता, तो न घेताच गेला.

५

जयराजनं त्या दिवशी पुसली नाही. व्हिडिओ काढून घ्यायचे, ते नीट उतरले का ते तपासायचं, घाईत असली कामं करायची नसतात. हे सगळं खरं होतं. पण रोज सकाळी आबा त्याला नावानं हाक मारत होते, हे जास्त खरं होतं. त्यानं संयूला एवढंच सांगितलं की आबांच्या खुर्चीकडं जायचं नाही. संयूनं विचारलं, "आबा माझ्यावर रागावलेत का?" तो नाही म्हणाला.

गुरुवारी दुपारी पूजा भाकरी करत होती, तेव्हा पानं जयराजनं घेतली. ताटं मांडली, पाणी ठेवलं आणि आबांना हाक मारली. पूजा टोपली घेऊन आली आणि दारातच थांबली.

"अहो."

"काय?"

"तीन ताटं."

त्यानं खाली पाहिलं. एक आबांचं, एक त्याचं. तिसरं भिंतीकडेला, फडताळाला टेकून. गावाकडं तिथं आई बसायची. इथं तिथं कुणी बसत नव्हतं. संयू त्याच्या शेजारी मांडी घालून हात पुढं करून बसली होती. तिच्यापुढं काही नव्हतं.

पूजानं टोपली ठेवली आणि पोरीला उठवलं. तासाभरात तिची बॅग भरून झाली होती.

"आबांचं मी सोसलं," ती म्हणाली. "त्यांचं वय झालंय, डोकं ठिकाणावर नाही. तुमचं ठिकाणावर आहे ना? मग कुणाला वाढलंत?"

"चुकलो. लक्ष नव्हतं."

"मला भीती वाटते, अहो. खोक्याची नाही. तुमची." तिनं बॅग खांद्याला लावली. "मी साताऱ्याला आईकडं जाते. ते पुसा. तुम्हाला आबा हवेत, मला कळतं. मलाही हवेत. पण ते असे बरे होतात तेव्हा माझी पोर या घरात नसते."

"दोन दिवसांत पुसतो."

"पुसलंत तर फोन करा. नाही केलात तरी रविवारी संध्याकाळी मी येणार. घर माझंही आहे."

तो त्यांना स्टँडवर सोडायला गेला. संयूनं खिडकीतून हात हलवला. बस वळेपर्यंत तो उभा राहिला. परत येताना रस्ताभर त्याला काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं.

त्या संध्याकाळी घरात तो आणि आबा दोघंच होते. पूजाचा चेहरा आईच्या नावावर बसला असेल, हे त्याचं उत्तर आता बसनं साताऱ्याकडं चाललं होतं.

सहा वाजता स्पीकर म्हणाला, "घरात तीन माणसं. गिनती पूर्ण."

आबा उभे होते. ते स्वयंपाकघराच्या दाराकडं बघून किंचित हसले, आणि बसले. जयराजनं तिकडं पाहिलं नाही.

६

शनिवारी दुपारपर्यंत आईचे सगळे व्हिडिओ दुसरीकडं उतरले होते. त्यानं ते दोनदा तपासले. जुनी डिस्क वेगळ्या वायरनं लॅपटॉपला जोडली आणि पुसायची आज्ञा टाइप केली. एकच ओळ. शेवटी एंटर मारायचं, मग रात्रभरात सगळं शून्य होणार.

बोट एंटरवर होतं तेव्हा आबा दारात आले. काठी न घेता आले होते.

"जया, काय करतुयास?"

"काम हाय, आबा."

"मला ठावं हाय कसलं काम ते." ते पलंगाच्या कडेला बसले. "मी फौजंच्या सिगनलमधी तीस वरसं काढली. तार कुठं जोडली म्हंजी कोण बोलतंय, येवढं मला कळतं."

जयराजचं बोट एंटरवरच होतं.

"तिकडं लय धुकं असतं रं," आबा म्हणाले. "तू बोलतोस ती वळख पटत न्हाई. तोंड दिसतं, नाव सापडत न्हाई. मी मुतलो तरी मला कळत न्हाई, पर लाज वाटलेली कळती. कशाची लाज ते कळत न्हाई." त्यांनी मुलाचा हात धरला. हात गरम होता, पकड जुनी होती. "मला परत तिकडं धाडू नगंस. हात जोडतो तुला."

बापानं आयुष्यात कुणापुढं हात जोडलेले जयराजनं बघितले नव्हते.

"आबा, तुमची नात हाय. संयू. ती तुमाला दिसत न्हाई."

आबांनी विचार केला. प्रामाणिकपणे, कपाळाला आठ्या घालून केला. "मला न्हाई रं आठवत. आसंल. तू म्हंतुयास म्हंजी आसंल." मग म्हणाले, "आजचा दीस ऱ्हाऊ दे. उद्या काढ. मी न्हाई म्हननार न्हाई. एकच दीस."

उद्या दुपारीही पुसता येईल, त्यानं हिशेब केला. पूजा यायच्या आत. एका दिवसानं काय बिघडणार होतं? त्यानं बोट काढलं. ओळ तशीच पडद्यावर राहिली.

"ठीक," आबा म्हणाले.

सहाला ते खुर्चीपुढं उभे राहिले. त्या दिवशी स्पीकर बोलला नाही. घर शांत होतं. स्वयंपाकघरात कुणीतरी परातीत पीठ ओढून घेत होतं, तो आवाज स्पष्ट येत होता. पळावं, फाटकाबाहेर जाऊन उभं राहावं, असं त्याला वाटलं. आबा त्याच्याकडं बघत होते. जुन्या दिवसांसारखे, ताठ, सगळं समजणारे.

"गिनती?"

डॉक्टर म्हणाले होते, खोडून काढू नका. आणि एवढ्या चांगल्या दिवसाच्या शेवटी त्यांचं तोंड पडलेलं बघवलं नसतं. दोघी तर साताऱ्याला सुखरूप होत्या, इथल्या आकड्यानं त्यांचं काय होणार होतं.

"तीन," जयराज म्हणाला. "पुरी हाय."

"ठीक," आबा म्हणाले, आणि बसले.

७

रविवारी जयराज उशिरा उठला. सकाळपासून त्याला भीती वाटत होती आणि ती कशाची हे त्याला समजत नव्हतं. आबा अंगणात पेपर वाचत होते. घर झाडलेलं होतं. मधल्या खोलीतल्या भिंतीवर एक खिळा होता आणि खिळ्याखाली चौकोनी पांढरा डाग होता, तिथं काय लावलेलं होतं ते त्याला आठवेना. चपलांच्या कपाटात कुणाच्या तरी पोराच्या जांभळ्या चपला राहिल्या होत्या. शेजारी विचारायला हवं, तो स्वतःशी म्हणाला.

फोन दोनदा वाजला. नुसता नंबर होता, नाव नव्हतं. कर्जवाले नाहीतर विमावाले असणार, रविवारीसुद्धा सोडत नाहीत. त्यानं उचलला नाही.

दुपारी लॅपटॉप उघडला तर पडद्यावर एक ओळ टाइप करून ठेवलेली होती. कुठलीतरी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत पुसून टाकायची आज्ञा. ती त्यानं तीन वेळा वाचली. आपणच लिहिली असणार, पण का लिहिली? समजत नसलेल्या ओळीवर एंटर मारायचं नाही, हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा होता. त्यानं एकेक अक्षर मागं नेत ती ओळ खोडली.

उन्हं कलली तेव्हा चहा झाला. आबांनी बशीत ओतला. फाटकाची घंटी वाजली.

"बघ रं जया," आबा म्हणाले. "आपली तर सगळी घरातच हायती."

फाटकाबाहेर एक बाई होती आणि तिच्याबरोबर सहा-सात वर्षांची मुलगी. मागं रिक्षा वळत होती. बाईच्या खांद्याला बॅग होती, प्रवासानं चेहरा ओढलेला होता, आणि ती चिडलेली होती किंवा घाबरलेली होती.

"फोन का उचलत नव्हता? किती वेळा केला," ती म्हणाली, आणि त्यानं उत्तर द्यायच्या आत फाटकाच्या कडीला हात घातला.

जयराजनं आतून कडी धरली. माणसं पत्ता चुकतात, त्यात रागवण्यासारखं काही नव्हतं. पण या दोघी परत गेल्या तर काहीतरी फार भयंकर होईल असं त्याला वाटत होतं, आणि काय होईल ते सांगता येत नव्हतं.

"कोण पाहिजे आपल्याला?" त्यानं विचारलं.

बाईचा हात कडीवर तसाच राहिला.

मुलगी मात्र हसली. मोठ्या माणसानं मुद्दाम अनोळखी असल्याचं सोंग केलं की पोरं हसतात, तशी खळखळून हसली आणि फाटकाच्या गजांतून हात घालून तिनं त्याच्या शर्टाचं बटण ओढलं. तो तिच्याकडं सभ्यपणानं बघत राहिला. ती त्याच्या चेहऱ्याकडं बघत होती, आता हसेल, मग हसेल, अशी वाट बघत. मग तिचं हसू हळूहळू कमी झालं, आणि तिनं बटण सोडलं.